जुन्या पिकअपसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडताना

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. पुढे कुमार गंधर्वांच्या वास्तव्याने त्या गावाला वेगळीच ओळख लाभली. गोव्यात चिरे वाहणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअपचे धागेदोरेही आज या दोन जिल्ह्यांपर्यंत पोहोचू शकतात. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे फोर्स मोटर्स आणि आयशर यांचे वाहन कारखाने आहेत, तर १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तयार करणारा एक कारखाना देवासला आहे. पीथमपूरच्याच राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रात, म्हणजे नॅट्रॅक्समध्ये, ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान चाचणीमार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले.

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जाते, त्या भागाविषयी एक गैरसमज खोलवर रुजला आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीचे वजन पेलतो, असे अनेक मालक मानतात. वजन पेलतात ते कमानपाटे किंवा स्प्रिंग. त्यांची उसळी आवरणे, एवढेच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणूनच मागून बसलेली पिकअप नवे, अधिक कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावून वर उचलली जात नाही. तो खर्च पाट्यांवर करावा.

याचा अर्थ शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुय्यम आहे, असा मात्र नव्हे. माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरताना धार जिल्ह्यातील गणपती घाट लागत असे. अवजड वाहनांच्या अपघातांमुळे तो कुप्रसिद्ध झाला. तीव्र उतार आणि निकामी होणारे ब्रेक ही तेथील मुख्य कारणे. पण ब्रेक कितीही चांगला असला, तरी चाक रस्त्यावर टेकलेले नसेल तेव्हा तो निरुपयोगी ठरतो. झिजलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे चाक उड्या मारते, टायरची पकड सुटते आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. भरलेल्या पिकअपच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

झीज ओळखण्यासाठी बॉनेट दाबून पाहण्याची पद्धत मागील पाट्यांच्या बाबतीत फसवी आहे, कारण पाट्यांचे परस्परांतील घर्षणच उसळी थोपवते. त्यापेक्षा नळीवरून ओघळणारे तेल, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे आणि फाटलेले रबरी बुश पाहावेत. नळीवर तेलाचा पुसट थर असणे हा दोष नव्हे.

निवडीत खरी मेख आहे ती लांबीची. पूर्ण मिटलेली आणि पूर्ण ताणलेली अशी दोन्ही मापे घ्यावी लागतात. मिटलेली लांबी जास्त असेल, तर मोठ्या खड्ड्यात रबरी ठोकळ्याला धक्का बसण्याआधीच दट्ट्या तळाला आपटतो. ताणलेली लांबी कमी असेल, तर चाक खाली लटकताच जोड तुटण्याची भीती असते. मूळ भाग क्रमांकानुसार मागवलेला माल बहुधा बिनचूक बसतो. परंतु जुन्या गाडीत एखादा जादा पाटा घातलेला असतो किंवा मूळचे पाटे बसलेले असतात. अशा वेळी गाडी भरलेली असताना आणि रिकामी असताना वरच्या व खालच्या जोडांतील अंतर प्रत्यक्ष मोजणेच शहाणपणाचे. टोकांना कडी आहे की आट्यांचा दांडा, आणि बोल्टची जाडी किती, हेही पाहावे.

तेलाचा की गॅसचा, हा वाद दुकानात नेहमी रंगतो. सततच्या खडबडीत रस्त्यावर तेलात फेस होऊन पकड ढिली पडते. नायट्रोजनच्या दाबामुळे हा फेस कमी होतो. लांब पल्ल्याच्या किंवा कच्च्या रस्त्यावरील गाडीला कमी दाबाचा, दुहेरी नळीचा गॅस प्रकार सोयीचा. एकेरी नळीचा प्रकार उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण दगड लागून नळीला पोचा पडला की तो निकामी होऊ शकतो. गावातल्या गावात हलका माल वाहणाऱ्या पिकअपला साधा तेलाचा प्रकार पुरेसा आहे. त्याहून महाग घेण्याचा आग्रह विक्रेत्याच्या हिताचा. पक्के बिल मात्र अवश्य घ्यावे. नकली भागांचा सुळसुळाट जुन्या गाड्यांच्या बाजारातच अधिक असतो.

एका आसावरील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदमच बदलावेत. आडवा ठेवलेला तेलाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणून मिटवावा, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावून, चाके जमिनीवर टेकल्यानंतरच पूर्ण आवळावेत; अन्यथा रबर कायम पिळलेले राहून काही महिन्यांतच फाटते.