वीज घड्याळाचे काटे की चाकं?

गडबच्या परिसरात रात्रपाळी कुणाला नवीन नाही. सकाळी घरी आलेल्या माणसाचं अंग थकलेलं असतं, पण झोप नीट लागत नाही. शरीरातलं घड्याळ पाळीचा तक्ता बघत नाही. हे मुख्य घड्याळ मेंदूतल्या काही चेतापेशींत असतं आणि चेतापेशींचा कारभार चालतो विजेवर. पेशीच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात, तेच आयन चॅनल. सोडियम आत आला की पेशी चेतते, पोटॅशियम बाहेर गेला की शांत होते. मग ही वीज फक्त वेळ दाखवणारे काटे आहे की घड्याळाची चाकंही? संशोधनाची तयारी करताना या प्रश्नाचा इतिहास वाचावा, कारण उत्तर मध्येच उलटलं होतं.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत झाली. १९७१ मध्ये त्यांनी आणि रोनाल्ड कोनोप्का यांनी बिघडलेल्या घड्याळाच्या फळमाश्या शोधल्या. एका प्रकाराचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला लयच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले.

याच बेंझर यांच्यासोबत आपल्या मुंबईतल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दिकी यांनी १९७६ मध्ये वेगळ्या माश्यांवर शोधनिबंध लिहिला. या माश्या तापमान वाढलं की लुळ्या पडत. त्यांतल्या एका प्रकाराचं नाव 'पॅरा'. हे जनुक सोडियम चॅनलचं आहे, हे १९८९ मध्ये कळलं. म्हणजे घड्याळ आणि वीज हे दोन्ही धागे एकाच माशीतून निघाले, पण बरीच वर्षं वेगवेगळे राहिले.

ते जोडायचा एक थेट प्रयत्न १९८७ मध्ये उंदरांवर झाला. श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या घड्याळाच्या जागी १४ दिवस टेट्रोडोटॉक्सिन सोडलं. फुगू माशातलं हे विष सोडियम चॅनल बंद करतं. उंदरांची पाणी पिण्याची लय मोडली. विष थांबवल्यावर मात्र लय अशा वेळेला परतली, जणू घड्याळ आत चालूच होतं. निष्कर्ष निघाला की वीज म्हणजे काटे.

२००२ मध्ये नीटाबाख, ब्लाउ आणि होम्स यांनी माशीच्या घड्याळ-पेशींत जादा पोटॅशियम चॅनल घालून त्या गप्प केल्या. सतत अंधारात ठेवल्यावर काही दिवसांत घड्याळाच्या प्रथिनांची चढउतारही मंदावून थांबली. आता वीज चाकं ठरली!

मग बरोबर कोण? इथे थांबून एक प्रश्न विचारा: पेशी गप्प केल्या, पण कधीपासून? २००२ च्या प्रयोगात त्या माशीची वाढ होत असतानाच गप्प झाल्या होत्या. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या गटाने प्रौढ माशीतच त्या गप्प केल्या. वागण्याची लय गेली, पण पेशीतलं जनुकांचं घड्याळ चालत राहिलं.

तरी वीज नुसती काट्यांपुरतीही नाही. २००३ मध्ये जपानी गटाने उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांत तेच विष वापरलं, तर पेशींची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सुटली. एकेकटं घड्याळ चालतं, पण सगळ्यांना एका तालात ठेवायला वीज लागते. आणि २०१५ मध्ये रवी अल्लाडा यांच्या गटाने उलटी बाजू दाखवली. माशी आणि उंदीर दोन्हींत घड्याळच ही दारं चालवतं. दिवसा सोडियमची गळती वाढते आणि पेशी जागी होते, रात्री पोटॅशियमची गळती वाढते आणि ती शांत होते.

यातला कुठलाही प्रयोग चुकीचा नव्हता. प्रत्येकाने वेगळ्या वयात, वेगळ्या प्राण्यात, वेगळी गोष्ट मोजली होती. 'अमुक बंद केलं, म्हणून तमुक थांबलं' असं वाक्य वाचलं की आधी पद्धतीचा भाग उघडा. कधी बंद केलं, किती वेळ आणि नेमकं काय मोजलं, हे तपासा. निष्कर्ष त्यानंतर वाचा.