ठाण्याचे केंद्र : १८१८ ते १८२४

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या गावांचा जुना दप्तरी पत्ता मुंबई नव्हे, ठाणे जिल्हा. मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला तो १ ऑक्टोबर १९२० रोजी, आणि उत्तरेकडची काही गावे त्यानंतरही ठाण्याकडेच राहिली. म्हणून उपनगरांतल्या काँग्रिगेशनल पंथाचा आरंभ शोधायचा तर कागदांत ‘साष्टी’ आणि ‘ठाणे’ ही नावे पाहावी लागतात. तिथेही फसगतीची एक जागा आहे. मिशनरी कागदपत्रांत दोन साष्टी भेटतात. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’शी जोडलेली साष्टी गोव्यातली; आपली ठाण्याच्या खाडीअलीकडची.

हा पंथ मराठी मुलखात आणला तो १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने. त्याचे पहिले दूत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. कलकत्त्याला त्यांच्यावर आधीच हद्दपारीचा हुकूम निघाला होता; त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध पेटलेले, म्हणजे हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या मिशनच्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा. नेपियन बायबल सोसायटीचे हितचिंतक होते, हे लक्षात ठेवले की कंपनी सरकारचे कडक हुकूम आणि गव्हर्नरांची दिरंगाई यांची संगती लागते. त्यांनी मुद्दाम वेळकाढूपणा केला, असे मात्र कागद म्हणत नाहीत. तो आपला तर्क.

साष्टीचा उल्लेख येतो तो पाच वर्षांनी. ऑक्टोबर १८१७ मध्ये अमेरिकेहून निघालेले जॉन निकल्स आणि ॲलन ग्रेव्ह्ज फेब्रुवारी १८१८ मध्ये मुंबईला पोहोचले. ग्रेव्ह्ज माहीमला राहिले, निकल्स ठाण्याला. एवढे निश्चित.

ठाणेच का? इथे नकाशा हाच साक्षीदार. साष्टी कंपनीच्या हाती १७७४ च्या अखेरीस आली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती तिच्याकडे कायम झाली. खाडीपलीकडचे कोकण मात्र १८१७-१८ च्या युद्धात पेशव्यांकडून नुकतेच हातात येत होते. जुन्या, मुरलेल्या अमलाच्या अगदी कडेला आणि नव्या मुलखाच्या तोंडाशी असे हे ठिकाण. निवडीचे कारण हेच असावे, असे मला वाटते.

रस्त्यांचा पुरावाही याच बाजूचा. शीवचा बांध १८०५ पर्यंत पुरा झाला होता. माहीम-वांद्रे बांध १८४५ चा. म्हणजे ग्रेव्ह्ज यांना माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडी हवी, पण मुंबईहून ठाण्याला निघालेल्या निकल्स यांना शीव, कुर्ला असा जमिनीवरचा मार्ग होता. आजचे घाटकोपर, भांडुप, मुलुंड याच वाटेवर. आगगाडी यायला अजून पस्तीस वर्षे होती. तेव्हा उपनगरांच्या पूर्वेकडच्या अंगाला या मिशनची ओळख आधी झाली आणि अंधेरी-बोरिवलीच्या अंगाला उशिरा, असा अंदाज करता येतो. अंदाजच, वाट असली म्हणजे वाटेत कोणी थांबलेच असे होत नाही.

आता पुराव्याच्या जातीकडे वळू. ठाण्याच्या केंद्राची माहिती मुख्यतः बोस्टनच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकातून आणि बोर्डाच्या दप्तरातून मिळते. ते दप्तर आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. ‘हेरल्ड’ देणगीदारांसाठी छापले जाई, त्यामुळे पत्रांतले काय घ्यायचे नि काय गाळायचे ते बोस्टनमध्ये ठरे. मिशनने पुढे स्वतःच १८१३ ते १८८१ या काळाचे स्मारक-निबंध मुंबईत छापले, पण ते दोन पिढ्यांनंतरचे. मी छापील मजकुरातल्या शाळा, प्रवास आणि मृत्यू यांच्या नोंदींवर बराच विश्वास ठेवतो, श्रोत्यांच्या भावनांच्या वर्णनांवर पुष्कळ कमी.

मृत्यूंच्या नोंदी भरपूर आहेत. याच मिशनचे सॅम्युएल न्यूएल मे १८२१ मध्ये पटकीने गेले. निकल्स डिसेंबर १८२४ मध्ये वारले. मार्च १८२६ मध्ये हॉलही नाशिककडच्या दौऱ्यात पटकीलाच बळी पडले. टपालाला समुद्रावर चार-पाच महिने लागत, हे ध्यानात घेऊन हिशेब मांडला तर १८२५ च्या वसंतात बोस्टनचा वाचक ठाण्याच्या केंद्राविषयी जे वाचत होता, ते लिहिणारा माणूस तेव्हा हयात नव्हता. ‘हेरल्ड’मधली छपाईची तारीख ही घटनेची तारीख धरू नये, ती यासाठी. त्याच १८२५ साली बिशप हेबर यांनी ठाण्याचे इंग्लिश चर्च अर्पण केले. त्यामुळे त्या सालची ‘ठाण्याचे चर्च’ ही नोंद पाहून हुरळून जायला नको. ते अँग्लिकन, कंपनीच्या धर्मखात्याचे.

मग निकल्स यांचे काय होते? काँग्रिगेशनल पद्धतीत चर्च म्हणजे इमारत नव्हे आणि हद्दीने आखलेला पॅरिशही नव्हे. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांशी लेखी करार करून बांधलेली, आपला कारभार आपण पाहणारी मंडळी म्हणजे चर्च. अशा मंडळीचे कागद ठरलेले असतात : करारनामा, सभासदांची यादी, सभांचे इतिवृत्त. ठाण्याहून आलेली पत्रे मिशनऱ्याची आहेत, मंडळीची नाहीत. मुंबई बेटावरही १८१९ मध्ये कादर यार खान यांचा बाप्तिस्मा ही मोठी बातमी ठरली, यावरून साष्टीतल्या संख्येची कल्पना येते. ठाण्यात मिशनचे केंद्र होते, मंडळी नव्हती, असा माझा निष्कर्ष.

त्यानंतर ओघ घाटावर वळला. १८३१ च्या अखेरीस अहमदनगरचे केंद्र सुरू झाले, १८३३ साली तिथे मंडळी उभी राहिली, १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघाले. काँग्रिगेशनल हे नावही पुढे मावळले : १९२४ मध्ये या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. पण एक रिवाज शोधकाच्या कामी येतो. एका मंडळीतून दुसरीत जाणारा सभासद आपल्या मंडळीचे शिफारसपत्र घेऊन जाई, आणि त्याची नोंद दोन्हीकडच्या वह्यांत व्हायची. उपनगरातल्या एखाद्या मराठी मंडळीची मुळे तपासायची असतील, तर निकल्स यांच्या ठाण्यापेक्षा नगर आणि भायखळा इथल्या मंडळ्यांच्या वह्यांतला ‘बदलून गेले’ हा रकाना आधी उघडावा.