थरथरणारें चाक



पुण्याकडून कोल्हापुरास येतांना पंचगंगेचा पूल ओलांडण्यापूर्वीं जें गांव लागतें त्यास या भागांत पुलाची शिरोली म्हणतात. एके काळीं हें नांव उच्चारलें कीं नदीकांठची काळी जमीन व उंसाचे फड डोळ्यांपुढें उभे राहत. आज तेंच नांव घेतलें कीं भट्ट्या, साचे, वाळूचे ढीग आणि लोखंडाचा तापलेला रस आठवतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली. त्या महामंडळाची एक वसाहत पुढें शिरोलीस वसली, आणि तेथील फौंड्र्यांत ओतलेले भाग आज मोटारींत, ट्रॅक्टरांत व इंजिनांत बसून दूरदूर गेलेले आहेत. मी आयुष्यभर खडू हातीं धरला. हातोडा कधीं धरला नाहीं. परंतु ज्यांना मीं त्रैराशिक शिकविलें त्यांपैकीं कित्येकजण आज या वसाहतींत लेथ व भट्ट्या चालवितात. अशाच एका विद्यार्थ्याच्या कारखान्यांत मागील वर्षीं जें पाहिलें, त्यामुळें एका लहानशा वस्तूचा इतिहास शोधण्याचा मला नाद लागला. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगचा डँपर.

या विद्यार्थ्यानें एक जुनी लष्करी जीप मिळविली होती. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें अशा जीपा सहा लाखांवर बनविल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांतील कांहीं आपल्या देशांत मागें राहून लिलांवांत विकल्या गेल्या. मूळची जीप याला जरा ठेंगणी वाटली. म्हणून त्यानें पाटे उंच केले, रुंद टायर चढविले, सुंदर रंग दिला. एका रविवारीं आपल्या दहा वर्षांच्या मुलीस शेजारीं बसवून तो महामार्गावर गेला. वेग ताशीं साठ किलोमीटर. पुलाच्या सांध्यावर पुढचें एक चाक किंचित् आपटलें, आणि त्यासरशीं पुढचीं दोन्ही चाकें डावी-उजवीकडे इतक्या जोरानें थरथरूं लागलीं कीं स्टिअरिंग हातांतून निसटूं लागलें. गाडी जवळजवळ थांबविली तेव्हां कोठें ती थरथर थांबली. इजा कोणास झाली नाहीं. परंतु मुलगी पुन्हां त्या गाडींत बसावयास तयार होईना.

दुसऱ्याच दिवशीं त्यानें बाजारांतून एक नवा डँपर आणला व आपल्या वृद्ध मेस्त्रींच्या पुढें ठेविला. मी त्या वेळीं तेथेंच चहा घेत बसलों होतों. मेस्त्रींनीं तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मालक, हे बसवूया की; पण आधी चाक का हलतंय ते बघूया. बोंबलणाऱ्याचं तोंड बांधलं म्हणून दुखणं जातंय व्हय?"

हें वाक्य मी घरीं येऊन पुनः पुन्हां आठवूं लागलों. पुढें ग्रंथालयांत बसून वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं मेस्त्री एका वाक्यांत जें बोलले तें उमजण्यास युरोप-अमेरिकेंतील विद्वान् यंत्रज्ञांस सुमारें दहा वर्षें लागलीं होतीं. ती कथा आज आपणांस सांगावयाची आहे.

आपल्या बैलगाडीचा आंस एकच, चाकें दोनच. गाडी वळवावयाची ती बैलांनीं. त्यामुळें चाक वळविण्याचा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. चारचाकी घोडागाडींत मात्र पुढचा सबंध आंस मधल्या एका खिळ्याभोवतीं फिरवावा लागे, आणि अरुंद रस्त्यांत तीवर गाडी उलटण्याची भीति असे. १८१७ सालीं म्यूनिक येथील लँकेनस्परगर नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें अशी योजना काढली कीं आंस जागच्या जागीं राहावा, आणि त्याच्या दोन टोंकांस दोन चाकें आपापल्या खिळ्याभोवतीं स्वतंत्रपणें वळावीं. इंग्लंडांत तिचें पेटंट पुढच्याच वर्षीं आकरमन या गृहस्थांनीं घेतलें. शोध एकाचा व नांव दुसऱ्याचें असा प्रकार होऊन ती योजना आजहि आकरमन यांच्याच नांवानें ओळखली जाते. मोटारीनें पुढें हीच योजना उचलली. या खिळ्यास आपले मेस्त्रीलोक किंगपिन म्हणतात. चाकास वळण्याचें स्वातंत्र्य मिळालें. परंतु ज्यास वळण्याचें स्वातंत्र्य आहे त्यास थरथरण्याचेंहि आहे, ही गोष्ट शंभर वर्षें कोणाच्या फारशी ध्यानांत आली नाहीं. कारण घोड्याच्या गाडीस तेवढा वेगच नव्हता.

१९२३ च्या सुमारास अमेरिकेंत रुंद व मऊ, कमी हवेचे टायर निघाले. लोकांस बसण्याचें सुख झालें. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाहि ब्रेक बसविण्याची पद्धत पसरली, आणि त्यामुळें आंसाच्या दोन टोंकांवरचें वजन वाढलें. टायर मऊ, टोंकें जड आणि रस्ते सुधारल्यामुळें वेग अधिक. या तीन गोष्टी एकत्र येतांच ठरावीक वेगावर मोटारींचीं पुढचीं चाकें थरथरूं लागलीं. त्या वेळीं तिकडे खांदे हलवून नाचण्याचा शिमी नांवाचा एक प्रकार फार बोकाळला होता. तेंच नांव या रोगास मिळालें.

पहिला उपाय सुचला तो तोंड बांधण्याचा. स्टिअरिंगच्या दांड्यास घर्षणाच्या चकत्या लावून त्या पिळून घट्ट करावयाच्या. जुन्या मोटारसायकलींच्या हँडलच्या मध्यभागीं जी एक काळी मूठ असे, ती फिरविली कीं हँडल जड होई. तीहि याच जातीची. या उपायांत उणीव अशी कीं घर्षण हें संथ हालचालीसहि तितकाच विरोध करतें जितका झटक्यास करतें. थरथर कमी झाली तरी गाडी वळविणें जड होऊन बसे.

यापेक्षां शहाणा उपाय तेलाचा. पंचगंगेच्या पाण्यांत हात हळू फिरवून पाहा. पाणी सहज वाट देतें. तोच हात जोरानें मारा, पाणी अडवितें. तेलाच्या डँपरचें मर्म एवढेंच आहे. एका नळींत तेल भरलेलें असतें व त्यांत बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. दट्ट्या सावकाश सरकविला तर तेल छिद्रांतून निमूटपणें पलीकडे जातें. एकदम ढकलला तर तेवढ्या वेळांत तें जाऊं शकत नाहीं, म्हणून विरोध करतें. ड्रायव्हरचा हात सावकाश फिरतो, त्यास वाट मिळते. चाकाची थरथर सेकंदांत कित्येक वेळां होते, तिला अटकाव होतो. मोटारीच्या पाट्यांसाठीं असें तेलाचें उपकरण फ्रान्समध्यें मोरिस हुडाय यांनीं पहिल्या महायुद्धापूर्वींच काढलें होतें. स्टिअरिंगचा डँपर हा त्याच कुळांतला.

परंतु चाक कां थरथरतें हा मूळ प्रश्न शिल्लकच होता. १९२५ सालीं ब्रूलिए या फ्रेंच यंत्रज्ञानें याच रोगावर निबंध लिहून, रबरी टायर रस्त्यावर कडेस कसा घसरत चालतो याकडे लक्ष वेधलें. या रोगाचें आणखी एक कारण शाळेंतल्या मुलांसहि दाखवितां येतें. सायकलचें सुटें चाक आंसाच्या दोन टोंकांस धरून जोरानें फिरवावें, आणि मग आंस एका बाजूस कलता करावा. चाक निमूटपणें कलत नाहीं. तें आपण होऊन आडवें वळूं पाहतें. मीं हा प्रयोग वर्गांत कित्येकदां केला, पण मोटारीशीं त्याचें नातें मला ठाऊक नव्हतें. ज्या गाडीचा पुढचा आंस अखंड आहे तिचें एक चाक खड्ड्यामुळें वर उचललें कीं सबंध आंस कलतो, आणि फिरतीं चाकें त्या कलण्यानें एका अंगास वळतात. मग टायरचा लवचीकपणा त्यांना परत ढकलतो, तीं दुसऱ्या अंगास जातात, आंस पुन्हां कलतो. झोपाळ्यास योग्य वेळीं धक्का मिळत जावा तसा हा खेळ वाढत जातो.

हें कळल्यावर उपायाची दिशाच बदलली. चाकें एकमेकांस बांधलेलीं असूंच नयेत, प्रत्येकानें स्वतंत्रपणें वर-खालीं व्हावें. इटलींतील लान्शिया कंपनीनें १९२२ सालींच आपल्या लाम्डा गाडींत तशी योजना दाखविली होती. रोल्स-रॉइस कंपनींत वाढलेले मॉरिस ऑली हे यंत्रज्ञ १९३० सालीं अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेले, व त्यांच्या प्रयोगांतून १९३४ सालीं जनरल मोटर्सच्या गाड्यांस पुढें स्वतंत्र स्प्रिंगा आल्या. आज आपण ज्या मोटारींतून सुखानें जातों त्यांची ही पूर्वपीठिका. थरथर नुसतीच दाबून टाकली असती तर तिचें कारण शोधण्याची निकड कोणास वाटली असती असें मला वाटत नाहीं.

तथापि डँपर हा ढोंगी वैद्याचा काढा आहे असें मात्र समजूं नये. जीप व ट्रक यांस खडबडीत वाटेनें जावयाचें असल्यामुळें अखंड आंस पुष्कळ काळ टिकला, आणि तेथें डँपर उपयोगीच पडतो. स्वतंत्र स्प्रिंगा असलेल्या जर्मन फोक्सवॅगनलासुद्धां १९६० च्या सुमारास कारखान्यांतूनच डँपर बसूं लागला. निरोगी यंत्रास रस्त्याच्या झटक्यांपासून जपणें हें त्याचें काम. झिजलेल्या यंत्राचें दुखणें झांकणें हें त्याचें काम नव्हे.

आतां शिरोलीस परत येऊं. मेस्त्रींनीं गाडी जॅकवर उचलली, चाक वर-खालीं धरून हलविलें, आणि एकेक दोष खडूनें फरशीवर लिहून काढला. टायरांचें वजन चहूंकडून सारखें नव्हतें. किंगपिनचें बेअरिंग सैल होतें. स्टिअरिंगच्या दांड्यांस जोडणारी जी मधली तरफ, जिला बेलक्रँक म्हणतात, तिची पिन एका अंगानें झिजून लांबट झाली होती. चौथा दोष आमच्या विद्यार्थ्यानें स्वतःच निर्माण केलेला. सायकलचा पुढचा चिमटा मागें कललेला असतो, म्हणून हँडल सोडलें तरी चाक सरळ राहूं पाहतें. किंगपिनचें डोकेंहि तसेंच थोडें मागें कललेलें असावें लागतें. पाटे उंच करतांना आंस किंचित् फिरला होता, आणि किंगपिन जवळजवळ उभी झाली होती.

पुढचे आठ दिवस मी रोज तेथें जात होतों. लेथवर नवी पिन व नवा बुश कातला. बेअरिंगचा सैलपणा पातळ पत्र्याच्या चकत्या काढून-घालून घालविला. पाटा व आंस यांच्या मध्यें पोलादी पाचरा बसवून, यू-बोल्ट आवळून, किंगपिनचें डोकें पुन्हां मागें नेलें. टायर तोलून घेतले. मग डँपर न लावतांच मेस्त्री गाडी महामार्गावर घेऊन गेले. पुलाच्या त्याच सांध्यावर स्टिअरिंगला एक झटका बसला व तेथेंच विरला.

त्यानंतर डँपर बसविला. त्यांतील काळजीहि सांगण्याजोगी आहे. त्याचें एक टोंक आंसावरच्या पट्टीस व दुसरें चाकें जोडणाऱ्या दांड्यास धरावयाचें. दोन्ही टोंकें आंसाबरोबरच वर-खालीं होतात, म्हणून पाटे दबले तरी स्टिअरिंग ओढलें जात नाहीं. दांड्यास वेल्डिंग करावयाचें नाहीं, कारण त्यानें दांडा कमकुवत होतो. चिमट्याची पकड घालावयाची. चाकें सरळ असतांना दट्ट्या नळीच्या बरोबर मध्यावर हवा. चाकें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वळवून पाहावयाचीं, आणि दट्ट्याची धांव दोन्हीकडे शिल्लक आहे अशी खात्री करावयाची. ती अपुरी पडली तर ऐन वळणांत स्टिअरिंग अडेल. हें सर्व मेस्त्रींनीं दोनदां तपासलें.

त्यांनीं ब्रूलिए यांचें नांव ऐकलेलें नाहीं. मग हें ज्ञान आलें कोठून? या मुलखास परकें यंत्र उघडून त्याचें मर्म पाहण्याची जुनी खोड आहे. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले, आणि बाबूरावांनीं १९१८ सालीं तो पुरा केला. जवळच लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. उंसाला नदीचें पाणी उचलून देणारीं तेलाचीं इंजिनें गांवोगांव आलीं, तीं बिघडलीं, आणि तीं दुरुस्त करणारे हात कोल्हापूरच्या उद्यमनगरांत तयार झाले. संस्थानकाळची मेबॅक मोटार आजहि दसऱ्याच्या शाही सोहळ्यांत दिसते, तेव्हां तिची निगा ठेवणाऱ्या अनाम हातांची मला आठवण होते. अशा हातांनीं यंत्राची तक्रार ऐकून घेण्याची संवय राखली, आणि ती एका पिढीनें दुसरीस दिली.

त्या दिवसांत मला माझा वर्गहि आठवत होता. गलबला झाला कीं मीं टेबलावर छडी आपटावी व वर्ग चिडीचूप व्हावा. ती शांतता म्हणजे मुलांस गणित समजलें, असें मी पुष्कळ वर्षें मानीत आलों. मागच्या बांकावरचीं मुलें कां चुळबुळतात हें विचारण्यास मला फार उशीर लागला. हा जीपवाला विद्यार्थी त्याच बांकावरचा.

पुढच्या रविवारीं त्यानें मुलीस आग्रह केला नाहीं. त्यानें तिला गाडीखालीं नेऊन जुनी झिजलेली पिन तिच्या हातांत दिली, आणि नवी कोठें बसविली तें दाखविलें. तिनें दोन्ही पिना बोटांनीं चांचपून पाहिल्या. मग आपण होऊन पुढच्या बांकावर चढून बसली. जुनी पिन तिच्या मुठींतच होती.