केप ॲन वसाहत

केप ॲन वसाहत : आजच्या अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात, ग्लॉस्टर बंदराच्या काठी १६२३ मध्ये इंग्रजांनी वसवलेले मासेमारीचे ठाणे. इंग्लंडमधील डॉर्चेस्टर येथील भागधारकांच्या कंपनीने ते उभारले आणि १६२६ मध्ये मोडीत काढले. जेमतेम तीन वर्षांच्या या खटाटोपाची दखल बहुधा सेलम नगराची पूर्वपीठिका म्हणूनच घेतली जाते. परंतु मासळीच्या नफ्यावर वसाहत पोसण्याचा हिशेब का फसतो, हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसरीकडे कळते. या किनाऱ्यावर आधी शेतीवर जगणारी वस्ती रुजली आणि मगच तिच्या आधाराने मासेमारी भरभराटली.

योजना वरवर पाहता बिनतोड होती. जॉन स्मिथ याने १६१४ च्या सफरीनंतर या किनाऱ्यावरील कॉड माशांची मुबलकता इंग्लंडभर गाजवली होती. मासे पकडणे, चिरणे, खारवणे आणि वाळवणे ही कामे हंगामात एकदम अंगावर येत, म्हणून जहाजावर जादा माणसे न्यावी लागत. परतीच्या प्रवासात मात्र त्यांचा पगार आणि शिधा फुकट जाई. ही माणसे किनाऱ्यावरच ठेवावीत, त्यांनी मका पिकवावा, शिकार करावी आणि पुढच्या जहाजाला अन्न पुरवावे, असे धर्मोपदेशक जॉन व्हाइट व त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवले. त्यानुसार पहिल्या हिवाळ्यात चौदा माणसे मागे राहिली. पुढे जहाजे आणि माणसे वाढली, तसा तोटाही वाढला. भागधारकांचे तीन हजारांहून अधिक पौंड बुडाले.

व्हाइटने १६३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या अपयशाची कारणे दिली आहेत. मासेमारीला सोयीच्या खडकाळ भूशिरावर कसदार जमीन नव्हती. शिवाय कोळी नांगराला हात लावायला नाखूश आणि शेतकरी समुद्रावर निरुपयोगी, अशी अवस्था होती. एकाच माणसाकडून दोन्ही धंद्यांची अपेक्षा धरल्याने एकही धड झाला नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की दोष योजनेचा नसून कारभाराचा होता : पहिले जहाज उशिरा पोहोचले, मासळीला भाव मिळाला नाही, माणसे बेशिस्त निघाली. या अडचणी खऱ्या होत्या. पण त्याच भूशिरावर प्लिमथच्या वसाहतीनेही मासेमारीचा तळ आणि मिठागर उभारले होते. तिचा कारभार वेगळा, माणसेही वेगळी. तरी तो प्रयत्नही तोट्यातच गेला. १६२५ मध्ये मासळी वाळवण्याच्या तेथील मचाणावरून प्लिमथची माणसे आणि प्रतिस्पर्धी इंग्रज कोळी हातघाईवर येण्याच्या बेतात होते, पण केप ॲनच्या ठाण्यातील रॉजर कोनंट याच्या मध्यस्थीने प्रकरण निवळले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पुढे हेच ग्लॉस्टर अमेरिकेतील अग्रगण्य मासेमारी बंदर ठरले, मग जागा वाईट कशी? जागा वाईट नव्हतीच. क्रम चुकला होता. ग्लॉस्टरला नगराचा दर्जा १६४२ मध्ये मिळाला. त्याच वर्षी इंग्लंडात यादवी युद्ध पेटले, तिकडची मासेमारी जहाजे रोडावली आणि स्थानिकांना बाजार मोकळा झाला. तोवर आसपासच्या गावांत धान्य, लाकूड आणि उधार देणारे व्यापारी उपलब्ध झाले होते. त्यामुळे कोळ्याला नांगर धरण्याची गरज उरली नाही.

ठाणे मोडल्यावर बहुतेक माणसे मायदेशी परतली. कोनंट मोजक्या सोबत्यांसह नॉमकीग येथे गेला. तेच पुढचे सेलम. १६२८ मध्ये नव्या वसाहतवाल्यांचा प्रमुख जॉन एन्डिकॉट तेथे उतरला आणि १६२९ मध्ये मॅसॅचूसेट्स बे कंपनीला राजसनद मिळाली. नॉमकीगची जमीन मात्र ओसाड रान नव्हती. ती पॉटकेट लोकांची होती आणि १६१६–१९ च्या साथीने त्यांची गावे विरळ केली होती. केप ॲनला जी शेती साधली नाही ती येथे साधली, यात वसाहतवाल्यांच्या उद्यमाइतकाच त्या लोकांनी आधी कसलेल्या जमिनीचा वाटा आहे.