अमल आणि अंमल

अबू धाबीच्या विमानतळापासून जवळच खलिफा सिटी ही आमची वस्ती आहे. २००४ ते २०२२ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या शेख खलिफा बिन झायेद यांचं नाव तिला दिलेलं आहे. ‘खलिफा’चा मूळ अर्थ मागून येणारा, म्हणजे वारस किंवा दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. जुन्या काळी खलिफाच्या वतीने प्रांताचा कारभार आणि करवसुली पाहणाऱ्याला ‘आमिल’ म्हणत. आज इथे आमिल म्हणजे मजूर. या एका शब्दाचा प्रवास तुम्हाला सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या मराठीतून गेला आहे.

तुम्ही आखातात नोकरी केली असेल, तर तुमच्या करारावर अरबीत ‘अक्द अमल’ असं लिहिलेलं असेल. अक्द म्हणजे करार, अमल म्हणजे काम. २०१६ मध्ये नाव बदलेपर्यंत इथल्या कामगार मंत्रालयाच्या नावातही हाच ‘अमल’ होता. मराठी कानाला मात्र ते अंमल गाजवण्याचं खातं वाटावं! कारण आपल्याकडे अंमल म्हणजे सत्ता. निजामाचा अंमल, इंग्रजांचा अंमल. वसुली दोन सत्तांनी वाटून घेतली तर दुअंमल. ठाण्यात हुकूम चालवतो तो अंमलदार. आणि जी वस्तू माणसावरच सत्ता गाजवते, ती अंमली.

‘मामलेदार’ही याच घराण्यातला. अरबी ‘मुआमला’ म्हणजे देवघेव, व्यवहार. इथे सरकारी कचेरीत तुमचा अर्ज पुढे सरकतो, त्यालाही मुआमलाच म्हणतात. त्यावरून आपल्याकडे मामला, मामलत आणि मामलेदार आले. गोव्यात ‘मामलतदार’ हे पद आजही आहे. ठाण्यातल्या मामलेदार मिसळीत हा अरबी धातू आपण पावाबरोबर खातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

मग कामाची सत्ता झाली कशी? बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झालं आणि दख्खनच्या दरबारात फारसीचं वजन वाढलं. तिच्याबरोबर अरबी शब्दही कारभारात आले. पुढे मोगलांचा वसुली अधिकारी ‘अमलगुजार’ होता. सरकारच्या लेखी ते त्याचं नेमून दिलेलं काम होतं. पण ज्याच्या खळ्यावर तो येऊन उभा राहायचा, त्या कुणब्याला त्यात काम कसं दिसावं? त्याला दिसला हुकूम. शब्द कचेरीतून आला, पण मराठीत अर्थ रुजला तो कचेरीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा. ‘कायदा अंमलात आणणे’ यात तेवढी जुन्या अर्थाची खूण उरली आहे.

राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. कारभारातले शब्द आपले असावेत, हा त्यामागचा विचार होता. तरीही ‘अंमल’ बोलीतून हलला नाही. पदांची नावं दरबारात बदलता येतात, रयतेच्या तोंडी मुरलेला शब्द तसा निघत नाही.

इंग्रजीतही हेच घडलं आहे. ‘ऑफिस’ लॅटिन ‘ऑफिशियम’वरून आलं आणि त्याच्या मुळाशी ‘काम करणं’ आहे. त्यातून कर्तव्य, मग पद, मग पदाचा अधिकार. ‘मिनिस्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये चक्क सेवक, कमी दर्जाचा माणूस. आज मिनिस्टर येणार म्हणून आपण रस्त्याच्या कडेला ताटकळतो.

अरबीत मात्र ‘आमिल’ उलट्या दिशेने चालत गेला आणि सुभ्याच्या अधिकाऱ्याचा मजूर झाला. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात इथे दुपारी साडेबारा ते तीन उन्हात, उघड्यावर काम करायला बंदी असते. त्या वेळी खलिफा सिटीत एखाद्या नव्या व्हिलाच्या भिंतीलगत, हातभर सावलीत आडवे झालेले लोक तुम्हाला दिसतील. कागदोपत्री त्यांचा हुद्दा ‘आमिल’. आपल्या गावाकडच्या मामलेदाराचे ते भाषेच्या नात्याने भाऊबंद.

आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे मामलेदार कचेरीच्या पायरीवर हात जोडून उभे राहिलेले आहेत. आज इथे आपल्याच हाताखाली दहा-वीस माणसं असतात. कुणी साइटवर, कुणी ऑफिसात, कुणी घरी भांडी घासायला. आपण त्यांना काम सांगतो, असं आपल्याला वाटतं. पण शब्दाचा अर्थ ऐकणाराही ठरवतो, हे मराठीने एकदा दाखवून दिलं आहे. उद्या सकाळी कुणाला काम सांगाल, तेव्हा त्याच्या कानाला ते अमल वाटेल की अंमल, एवढं जरा बघा.