लोकांची खुर्ची : डेन्मार्कचा सहकार आणि आपला ऊसपट्टा

(बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



बारामतीत उभं राहून खुर्ची या विषयावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. (हशा) मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खुर्ची बसायची आणि दुसरी मिळवायची. मी आज पहिलीबद्दल बोलणार आहे. पण शेवटी तुमच्या लक्षात येईल की दुसरी तिच्या मागोमाग येतेच.

आजचा विषय आहे स्कँडिनेव्हियातली आधुनिक वास्तुकला आणि फर्निचर. या विषयावर साधारणपणे सुंदर चित्रं दाखवतात, मोठी नावं घेतात आणि श्रोते घरी जातात. मी तुम्हाला मुख्यतः एकाच खुर्चीची गोष्ट सांगणार आहे. कारण ती खुर्ची एका सहकारी संस्थेनं घडवून घेतली. आणि सहकार म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आधी डेन्मार्कची पार्श्वभूमी बघू. छोटा देश, शेतीचा देश. १८७० नंतर अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याचं गणित कोलमडलं. त्यानं धान्याचा नाद कमी करून दूध, लोणी आणि डुकराच्या मांसाकडे मोर्चा वळवला. १८८२ मध्ये हेडिंग या गावी पहिली सहकारी डेअरी उभी राहिली. नियम असा की ज्याच्याकडे दोन गाई त्याला एक मत, आणि ज्याच्याकडे पन्नास गाई त्यालाही एकच मत. डोकी मोजायची ती माणसांची, जनावरांची नाही.

त्याच्याही आधी, १८६६ मध्ये, थिस्टेड या गावी एका पाद्र्यानं गरीब कामगारांसाठी सहकारी दुकान काढलं होतं. अशी दुकानं गावोगावी झाली आणि १८९६ मध्ये त्यांचा मध्यवर्ती संघ स्थापन झाला. त्याचं संक्षिप्त नाव एफडीबी. साखर, कॉफी, साबण, बी-बियाणं वाजवी भावात आणि चोख वजनात देणं हे त्याचं काम.

आता हा किराणा विकणारा संघ फर्निचरकडे कसा वळला? १९४०च्या एप्रिलमध्ये जर्मनीनं डेन्मार्क व्यापला. परकी सत्ता डोक्यावर, मालाची टंचाई. अशा काळात, १९४२ मध्ये, या संघानं स्वतःचं फर्निचर आरेखन कार्यालय सुरू केलं आणि त्याचं प्रमुखपद बॉर्गे मोगेन्सन या २८ वर्षांच्या तरुणाकडे दिलं. सल्लागार होते स्टीन आयलर रासमुसेन. आर्किटेक्चर शिकणारी मुलं समोर बसली आहेत, त्यांनी वास्तूच्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक वाचलेलं असेल.

संघासमोरचा प्रश्न साधा होता. आपले सभासद दोन खोल्यांच्या घरात राहतात. बाजारात त्यांना मिळतं ते श्रीमंतांच्या दिवाणखान्याची नक्कल केलेलं बोजड, नक्षीदार सामान. ते महाग असतं, त्या खोलीत मावत नाही आणि लवकर खिळखिळं होतं. सभासदाला चोख साखर देणं हे जर आपलं कर्तव्य, तर चोख खुर्ची देणं का नाही?

मोगेन्सन हा कोरे क्लिंट यांचा विद्यार्थी. क्लिंट यांनी १९२४ मध्ये कोपनहेगनच्या अकादमीत फर्निचर शिकवायला सुरुवात केली. त्यांची शिस्त अशी की कागदावर रेघ मारण्याआधी मोजमाप घ्या. माणसाचा गुडघा किती उंचीवर येतो, घरात ताटं किती असतात, घडी घातलेला सदरा केवढी जागा घेतो. मोगेन्सननं पुढे ग्रेटे मायर यांच्याबरोबर घरातली कपाटं आखली, तेव्हा एका माणसाकडे साधारण किती सदरे आणि किती काटे-चमचे असतात हेसुद्धा मोजलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात एक मोठी गोष्ट दिसते. सौंदर्य आधी ठरवायचं आणि माणसाला त्यात बसवायचं, हा एक मार्ग. माणूस आधी समजून घ्यायचा आणि सौंदर्य त्यातून उमलू द्यायचं, हा दुसरा. क्लिंट आणि त्यांचे शिष्य दुसऱ्या मार्गानं गेले.

१९४७ मध्ये मोगेन्सनची खुर्ची आली. तिचा क्रमांक जे-३९. बीच लाकडाचा सरळ सांगाडा, पाठीला एक रुंद, किंचित वळवलेली पट्टी आणि बैठक कागदाच्या पिळाच्या दोरीनं विणलेली. युद्धात समुद्री गवताची दोरी मिळेना म्हणून कागदाची दोरी वापरात आली, आणि ती इतकी टिकली की कायमची राहिली. लोकांनी या खुर्चीला नाव दिलं ‘लोकांची खुर्ची’.

दोरीनं विणलेली बैठक म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं? आपलं बाजलं! चार पाय, चार ठावे आणि सुंभाची किंवा केकताडाच्या वाखाची वीण. हलकं, दारात टाकता येतं, सैल झालं की ओढून ताणता येतं, वीण तुटली तर नवी भरता येते. म्हणजे या खुर्चीतलं निम्मं शहाणपण आपल्या अंगणात पडलेलं होतं. याचा अभिमान बाळगून थांबायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. मग आपल्याकडे ती खुर्ची का झाली नाही?

त्याआधी इमारतींबद्दल दोन उदाहरणं, कारण खुर्ची आणि घर एकाच विचारातून आलेली आहेत. फिनलंडचे अल्वार आल्टो. काटेकोर बोलायचं तर फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण विचारानं शेजारचाच. आल्टोंनी पाइमिओ या गावी क्षयरोग्यांचं रुग्णालय बांधलं, १९३३ मध्ये ते पुरं झालं. त्यांनी खोलीचा विचार उभ्या माणसाच्या नजरेनं न करता खाटेवर पडलेल्या माणसाच्या नजरेनं केला. रुग्णाला दिवसभर छत दिसतं, म्हणून छताचा रंग शांत. हात धुताना पाण्याचा आवाज शेजारच्याला त्रास देऊ नये, म्हणून बेसिनचा उतार वेगळा. तिथल्या खुर्चीची पाठ अशा कोनात की छाती मोकळी राहून श्वास घेणं सोपं जावं.

दुसरं उदाहरण सायनात्सालो या छोट्या बेटावरचं ग्रामसभागृह, १९५२ मध्ये पुरं झालेलं. जेमतेम तीनएक हजार वस्तीचं गाव. लाल विटांची इमारत, मधे उंचावर चौक, एका बाजूला वाचनालय, आणि सगळ्यांत उंच भाग कशाचा, तर गावाच्या सभेचा. त्या गावात सगळ्यांत मान कशाला आहे, हे इमारत न बोलता सांगते. आपल्या ग्रामपंचायतीच्या इमारती काय सांगतात, हे मी तुमच्यावर सोडतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. हा मूळचा कमी पावसाचा पट्टा. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा झाला आणि या भागाचं नशीब बदलू लागलं. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना आणि त्याभोवतीचं वालचंदनगर उभं राहिलं. ते खासगी भांडवलाचं काम. १९५० मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सुरू झाला आणि सहकाराची वाट मोकळी झाली. पुढच्या काळात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने याच वाटेनं आले. शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, दूध संघ त्यांच्या आजूबाजूला वाढले.

डेन्मार्कशी आपला संबंध नव्हता असंही नाही. १९३८ मध्ये मुंबईत होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी कंपनी काढली, ती सुरुवातीला डॅनिश दूधयंत्रं आणून विकत असे. तीच आजची लार्सन अँड टुब्रो. म्हणजे डेन्मार्कचं यंत्र आपल्याकडे आलं. सहकाराचा विचार आला. खुर्ची तेवढी आली नाही.

आणि सहकारी संस्थेला चांगली वास्तू मागताच येत नाही, असंही नाही. अच्युत कानविंदे हे कोकणातल्या आचऱ्याचे, १९१६चा जन्म. हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकले. त्यांनी १९७०च्या दशकात गुजरातेत मेहसाण्याला दूधसागर डेअरीची इमारत केली. दूध वरून खाली आपल्या वजनानं वाहावं आणि उष्ण हवा वर निघून जावी, या दोन गरजांतून त्या इमारतीला आकार मिळाला. तिचे उंच धुराड्यांसारखे हवेचे मनोरे आजही आर्किटेक्चरच्या वर्गात दाखवतात. मराठी माणूस, शेतकऱ्यांची सहकारी संस्था आणि उत्तम आधुनिक वास्तू, हे तिन्ही एकत्र आलेले आहेत. फक्त ते कारखान्यापाशी थांबलं. सभासदाच्या ओसरीपर्यंत गेलं नाही.

का गेलं नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण सरळ आहे. आपला सहकार पिकवणाऱ्याचा. उसाला भाव किती, रिकव्हरी किती, हे त्याचे प्रश्न. डेन्मार्कमध्ये त्याच्या जोडीला घरात वापरणाऱ्याचा सहकारही तितकाच बळकट होता. आपल्याकडे ग्राहक भांडारं निघाली, पण सभासदाच्या घरात पैसा आल्यावर त्याचं काय व्हावं, हा प्रश्न सहकारानं फारसा विचारला नाही.

दुसरं कारण हात आणि कागद यांच्यामधली दरी. हान्स वेगनर हे डेन्मार्कचे जगप्रसिद्ध फर्निचरकार. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, आधी सुतारकाम शिकला आणि मग आरेखन. कोपनहेगनच्या कारागीर संघाचं प्रदर्शन १९२७ ते १९६६ दर वर्षी भरायचं आणि त्यात आरेखन करणारा आणि रंधा मारणारा जोडीनं काम मांडायचे. आपल्याकडे लाकूड सुताराकडे, दोरखंड मांगाकडे, आणि कागद-पेन तिसऱ्याच घरात. बलुतेदारीनं कौशल्य पिढ्यान् पिढ्या जपलं, पण ते जातीत कोंडून ठेवलं. गावाबाहेर बसलेल्या दोर वळणाऱ्याला, तुझ्या विणीत काय सुधारणा करता येईल, असं कोणी विचारलं? जिथे ही दरी बुजली तिथे काय होतं तेही पाहा. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७चा, आपल्या पुण्यातला, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरातला. लाकडाचा वास घेत वाढलेला मुलगा मुंबईला जेजेत शिकला, पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेला आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

तिसरं कारण माझ्या विषयातलं आहे, म्हणून थोडं थांबतो. आपल्या परंपरेत साधेपणा हा त्यागाशी बांधलेला आहे. अपरिग्रह हे व्रत आहे. सेवाग्रामची बापू कुटी पाहा. माती, बांबू, कौलं आणि जमिनीवरची बैठक. अतिशय सुंदर वास्तू. पण ती पाहून संसारी माणूस हात जोडतो आणि घरी येऊन नक्षीदार सोफा घेतो. कारण त्याच्या मनात साधेपणा संताचा आणि वैभव गृहस्थाचं, अशी वाटणी पक्की आहे. दुष्काळ पाहिलेल्या घरात पहिल्यांदा उसाचे पैसे आले, तेव्हा त्यानं सिंहासनासारखी खुर्ची घेतली, याला मी हसणार नाही. जमिनीवर बसवल्या गेलेल्या माणसाला खुर्ची उंचच हवी असते. पाटलाच्या वाड्यात कोण जोत्यावर बसायचं आणि कोण अंगणात, हे ठरलेलं होतं ना? दुसरी खुर्ची इथे आली बघा.

स्वीडनच्या एलेन के यांनी १८९९ मध्येच ‘सर्वांसाठी सौंदर्य’ हा विचार मांडला होता. त्यात साधेपणा हा गृहस्थाचा गुण झाला. सोय, टिकाऊपणा आणि डोळ्याला विसावा, हे कष्टकऱ्यालाही मिळालं पाहिजे. तिथे साधेपणा म्हणजे काही सोडणं उरलं नाही, ते काही मिळवणं झालं.

यावरून अलंकार वाईट, असा अर्थ काढू नका. मोरोपंतांच्या गावात ते बोलण्याची माझी हिंमत नाही. पंतांच्या आर्येत यमक असतं, पण ते आर्येच्या हाडामांसातून येतं. फळीवर यंत्रानं कोरून चिकटवलेली वेल तशी येत नाही. फरक एवढाच.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडेही लोकांची खुर्ची आहे. आहेच! प्लॅस्टिकची. लग्नाच्या मांडवात, ग्रामसभेत, दहाव्याला, चहाच्या टपरीवर. तिनं एक मोठं काम केलं, ते मान्य करू या. तिच्यावर बागाईतदार आणि शेतमजूर सारख्याच उंचीवर बसतो. जे काम अनेक भाषणांनी झालं नाही, ते तिनं गुपचूप केलं. पण तिचा पाय मोडला की ती उकिरड्यावर जाते. गावातला सुतार तिला हात लावू शकत नाही. आणि आपल्या उन्हात ती ठिसूळ होते. समतेला टिकाऊपणाची जोड मिळाली नाही.

डेन्मार्कची गोष्टही गोड शेवटाची नाही. त्या संघानं पुढे फर्निचरचा उद्योग सोडला, २०१३ मध्ये पुन्हा सुरू केला. जे-३९ आता खासगी कंपनी बनवते आणि तिची किंमत ऐकली तर ती लोकांची खुर्ची आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. स्वस्त स्कँडिनेव्हियन फर्निचर हवं असेल तर २०२० पासून नवी मुंबईत आयकियाचं दुकान आहे. पण ग्राहक असणं वेगळं आणि सभासद असणं वेगळं. ग्राहक समोर मांडलेल्यातून निवडतो. सभासद काय बनवायचं ते ठरवू शकतो.

शेवटचा मुद्दा. दर हंगामात बीडकडून ऊसतोड कुटुंबं या भागात येतात. पाचटाच्या, प्लॅस्टिकच्या कोप्यांमध्ये राहतात. त्यांच्या घरात सामान अगदी कमी असतं. त्याला साधेपणा म्हणू नका. ज्याला निवड आहे त्याच्याच कमी सामानाला साधेपणा म्हणता येतं, बाकीच्याला अभाव म्हणतात. पाइमिओच्या रुग्णालयात आल्टोंनी खाटेवरून छत पाहिलं. तसं कोपीत आडवं होऊन कोणी छत पाहिलं, बाळंतिणीला टेकायला काय लागेल, पोराला अभ्यासाला काय लागेल, गाडीवर काय चढवता येईल हे मोजलं, तर त्यातून आपली आधुनिक वास्तुकला निघेल. ती डेन्मार्कसारखी दिसणार नाही, दिसायची गरजही नाही.

समोरच्या मुलामुलींना एवढंच सांगतो. परदेशातल्या खुर्चीचं चित्र जरूर पाहा, पण टेप घेऊन आधी बाजलं मोजा. वीण भरणाऱ्या माणसाशेजारी बसा, त्याच्याच उंचीवर. आणि ज्येष्ठ सभासदांना विनंती आहे, पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर एखाद्यानं उभं राहून विचारावं की कोप्यांचं काय करायचं.

 आता प्रश्न विचारा.