नंबर लावण्याचे दिवस

आज आपल्या सोसायटीत संध्याकाळी गाडी उभी करायला जागा शोधावी लागते. शोरूममध्ये जायचं, कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या की गाडी दारात. त्यामुळे तरुण सभासदांना सांगूनही खरं वाटत नाही, की एके काळी गाडी ‘घेत’ नसत, गाडीसाठी नंबर लावत.

बजाजची स्कूटर हे त्याचं मोठं उदाहरण. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा निघायची. करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. वर्षाला किती स्कूटर काढायच्या हे सरकारी परवाना ठरवी. गिऱ्हाईक वाढलं तरी कारखाना वाढवता येत नसे. अनामत भरून आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट पाहावी लागे. पण ही यादी जशीच्या तशी खरी मानू नये. एकाच घरातून दोन-तीन नंबर लागत, कारण हातात आलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी वरच्या पैशानं विकली जाई. म्हणजे यादीत चालवणारे होते तसे विकणारेही होते. पुढे परवाने सैल झाले, स्पर्धक आले आणि ती रांग आटली.

१९८३ मध्ये मारुतीनं दहा हजार रुपये अनामत मागितली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, तरी सव्वा लाखावर लोकांनी ती भरली. जानेवारी १९९९ मध्ये पुण्यात तयार होणाऱ्या इंडिकासाठी आठवड्याभरात सुमारे १ लाख १५ हजार नोंदण्या झाल्या, त्याही पूर्ण पैसे भरून! मात्र पहिल्या गाड्यांबद्दल इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला २००१ मध्ये सुधारित व्ही-टू आणावी लागली. अनामतीनं लोकांची हौस कळली, गाडी कशी ठरेल हे कसं कळणार?

खरा धडा नॅनोचा. एप्रिल २००९ मध्ये तीनशे रुपयांचे फॉर्म विकले गेले. सर्वांत स्वस्त मॉडेललासुद्धा ९५ हजार भरायचे होते. दोन लाखांवर नोंदण्या आणि जवळजवळ अडीच हजार कोटी रुपये जमले. पहिल्या एक लाख लोकांची निवड सोडतीनं झाली. वर्तमानपत्रांनी या आकड्याला मागणी म्हटलं. मला बँकेच्या नजरेनं दुसरंच दिसलं : सुमारे सत्तर टक्के नोंदण्या कर्जावर होत्या. गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलेला पैसा त्यामानानं थोडा होता. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, गाड्या उशिरा मिळाल्या, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या हिशोबानं उभारलेल्या या उद्योगाच्या नोव्हेंबर २०१० मध्ये फक्त ५०९ गाड्या गेल्या. २०१८ पर्यंत उत्पादन जवळपास थांबलंच.

आता मोबाईलवर नंबर लागतो. २०२१ मध्ये ओलाच्या विजेच्या स्कूटरसाठी ४९९ रुपये मागितले, तेही परत मिळणारे. एका दिवसात एक लाख नोंदण्या झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं. चारशे नव्याण्णव रुपयांत आमच्या किन्हीराजातही माणूस सहज नंबर लावून ठेवील, स्कूटर घ्यायची असो वा नसो. अशा यादीच्या आधारावर कुणी माझ्याकडे कारखान्यासाठी कर्ज मागायला आला असता, तर मी आधी विचारलं असतं, की नोंदणी रद्द करणाऱ्याचे किती पैसे बुडतात, आणि भरलेल्यातले त्याचे स्वतःचे किती?